खाऱ्या पाण्यात कुणाचं कुणाशी पटतं

जालन्यात सळई मिळते, बियाणं मिळतं. समुद्र मात्र मिळत न्हाई. तो मी विकतो! खाऱ्या पाण्याचे टँक, पोवळी, रंगीत मासे. कोणता मासा कोणासोबत नांदेल, एवढं सांगता सांगताच किस्से इतके साचलेत की टँकला जागा उरली न्हाई.

*

वाटूरचे एक काका धाकट्या सुनेला घेऊन आल्ते. निळाशार डॅमसेल मासा बघून हरखले. म्हटलं, "काका, दिसायला देखणा, पण लई भांडकुदळ. बाकीच्यांना जगू देणार न्हाई."

काका हळूच म्हणाले, "मंग नको. नुसत्या रंगावर जायचं न्हाई. धाकट्याच्या लग्नात हीच चूक केल्ती!"

मागून आवाज आला, "मामंजी, टँक मीच धुणार हाय, बरं का!"

काकांनी जल्दी विषय बदलला.

*

एमआयडीसीतल्या रोलिंग मिलचे एक मॅनेजर. त्यांनी माझ्याकडून लायनफिश नेला. बजावलं, "साहेब, तोंडात मावेल ते खातो हा. सोबत बारके मासे बिलकुल नकोत."

"पोटभर खाऊ घालू की! मंग कशाला खाईल?"

बारके मासे त्यांनी दुसरीकडून आणले. दुसऱ्या दिवशी फोन. "अहो, बारके लाजून लपलेत वाटतं. एकपण दिसंना!"

"लायनफिश कसा आहे?"

"एकदम मजेत! तब्येत सुधारली त्याची!"

*

मंग साहेबांनी लायनफिश परत दिला अन् गोबी मासा आणि पिस्तूल झिंग्याची जोडी नेली. झिंग्याला धड दिसत न्हाई. तो बीळ खोदतो, गोबी दारात पहारा देतो. असा संसार माणसांतपण सापडायचा न्हाई!

संध्याकाळी फोन. "काच तडकून राह्यली! टक्‌ टक्‌ आवाज येतोय! लवकर या!"

धावत गेलो. सोफा, टीव्ही, गालिचा, सगळं अंगणात. वहिनी बादल्या घेऊन तयार.

म्हटलं, "साहेब, काच ठीक आहे. झिंगा नांगी वाजवतोय."

वहिनी साहेबांकडं बघत म्हणाल्या, "आता सोफा आत कोण नेणार? झिंगा?"

*

आमच्या गल्लीत रिटायर हेडमास्तर सर अन् बाई राहतात. त्यांच्याकडं क्लाऊनफिशची जोडी: बापूराव आणि सखूबाई. सखूबाई गेली. सर दुकानात आले ते डोळे पुसतच. "बापूराव जेवंना हो. त्याच्यासाठी एखादी मादी द्या."

म्हटलं, "सर, मादी नको, बारका नर न्या. या माशांत मादी गेली की थोरला नरच मादी होतो."

सरांनी आजूबाजूला बघून घेतलं. मंग दबक्या आवाजात, "आपला बापूराव?"

"हो."

"बाईंना मी सांगतो. सावकाश."

बारका नर नेला. सुरुवातीला बापूरावानं त्याला कोपऱ्यात दाबलं. सर रोज येऊन काळजीनं विचारायचे, "जमेल ना?" हळूहळू जमलं. दोघं एका जागी झोपायला लागले.

काही महिन्यांनी ऐन गर्दीच्या वेळी सर अन् बाई दुकानात हजर. दगडावर अंडी घातल्ती! बाईंच्या हातात पेढ्यांचा बॉक्स, सर मागं लाजून उभे.

परतूरचं एक नवं गिऱ्हाईक पेढा घेत म्हणालं, "वा! बाळंत कोण झालं?"

बाई आनंदानं म्हणाल्या, "आमचे बापूराव!"

गिऱ्हाइकानं पेढा तोंडात टाकला, सरांकडं वळून दोन्ही हात जोडले अन् म्हणालं, "बापूराव, अभिनंदन! पण या वयात जरा आराम करायचा हो!"