ब्रेक माझा हाय

वस्तादांच्या गॅरेजात इंजिनाला हात लागत नसे. रंग नाही, डेंट नाही, एसी नाही. कोणी चुकून बॉनेट उघडून "जरा पिकअप वाढवून द्या" म्हणालाच, तर ते हातातला पाना फडक्याला पुसत सांगायचे, "गाड्या पळवनारे नगरात पन्नास हायेत. मी थांबवनारा हाय." घोडेगाव रस्त्याला शहर संपता संपता त्यांची पत्र्याची शेड होती. पाटीवर नाव नाही, फोन नंबर नाही, नुसता 'ब्रेक' एवढा एकच शब्द. त्यांचं खरं नाव मला वर्षभर ठाऊक नव्हतं आणि कळल्यावरही मी ते कधी तोंडी घेतलं नाही.

मूळचे ते खर्ड्याकडचे. आईबाप ऊसतोडीला जायचे, त्यामुळे शाळा चौथीतच सुटली. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे घोडेगावच्या बाजाराला जनावरं नेणारे पिकअपवाले. या लोकांसाठी त्यांची ब्रेकची परीक्षा अगदी साधी होती. भरधाव गाडी थांबली पाहिजे आणि आतली म्हैस गुडघ्यावर येता कामा नये. "मानूस पडला तर शिव्या देतो," ते म्हणायचे, "म्हैस बिचारी काय बोलनार?" जनावराला खरचटलं असं कळलं की पिकअपवाल्याची जी खरडपट्टी निघायची, ती ऐकायला शेजारचा पंक्चरवालासुद्धा काम टाकून यायचा.

मी त्यांच्याकडे गेले ती मात्र म्हशी घेऊन नाही. तेव्हा मी तिशीतली, मार्केट यार्डात वडिलांचं पाइपांचं दुकान सांभाळत होते आणि डोक्यात मातीवरच्या रॅलीचं खूळ होतं. छोटीशी पण भलती चपळ गाडी घेतली होती, इंजिन पुण्याहून तयार करून आणलं होतं. अडचण एकच. मुरमाड रस्त्यावर ब्रेक दाबला की पायाखाली कर्रकर्र व्हायचं, ब्रेकचा एबीएस नावाचा डबा चाकं अडकू द्यायचा नाही आणि गाडी वळण सोडून सरळ पुढे निघून जायची. कुणीतरी सांगितलं, फ्यूज काढून टाक, एबीएस बंद. मी काढला. दुसऱ्याच दिवशी मोकळ्या माळावर ब्रेक दाबला, तर मागचं अंग गर्रकन पुढे आलं आणि गाडी आल्या वाटेकडे तोंड करून उभी राहिली.

हे सगळं मी मोठ्या ऐटीत वस्तादांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "दावं सोडलं म्हंजी बैल शिकला व्हय?" मग मला एका पिकअपच्या हौद्यापाशी नेलं. "ह्यात चार म्हशी हायेत आसं समज. ब्रेक मारला की त्या कुटं जात्यात? म्होरं. मंग मागचं चाक हलकं हुतं. हलक्या चाकाला जड चाकायेवढाच दाब दिला, तर ते आधी अडकनार आन् गाडी फिरनार. तुझा डबा तेवडा दाब मागं कमी करत हुता. तू त्याला झोपवलंस, पन त्याचं काम कोन करनार, तुझा बा?" माझा बा दुकानात पाइप मोजत बसला होता.

काम घ्यायला ते तयार झाले, पण अटींवर. एबीएस काढलेली ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही, रॅलीला टेम्पोवर घालून न्यायची. आणि वस्ताद देतील तेव्हाच किल्ली मिळणार. मी हो म्हणाले. हो म्हणायला माझं काय जात होतं?

काम करताना त्यांना पाहणं हा एक सोहळा होता. आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे. ब्रेक ऑइलची बाटली एकदा उघडली की उरलेलं तेल दुसऱ्या गाडीत घालायचे नाहीत, "हवा लागलेलं तेल पानी पितं" म्हणून. एबीएसचा डबा काढून त्यांनी नळ्यांची सगळी मांडणी नव्यानं केली. प्रत्येक नळी हातानं वाकवली, एकही दुमडली नाही. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या नळीवर दाब कमी-जास्त करायची एक चावी बसवली. पंधरा दिवस लागले. या पंधरा दिवसांत मी त्यांना अठ्ठावीस फोन केले असतील, त्यांनी त्यातले दोन घेतले.

मग सुरू झाला खरा छळ. शेडमागच्या माळावर त्यांनी चुन्याची रेघ मारली. मी वेगात यायचं, रेघेवर ब्रेक दाबायचा. वस्ताद रेघेच्या बाजूला, बऱ्याच लांब उकिडवे बसून चाकांकडे बघत आणि ओरडत, "मागं!" म्हणजे मागचं चाक आधी अडकलं; की पाना घेऊन ते ती चावी चिमूटभर फिरवायचे. "म्होरं!" म्हणजे पुढचं; की समाधानानं मान हलवायचे. चावी जागेवर बसली, तशी पाळी माझ्या पायावर आली. चाक अडकायच्या केसभर आधी पाय थांबला पाहिजे, अडकलंच तर लगेच सैल व्हायला पाहिजे. "डबा काडला. आता डब्याचं काम ह्या पायाला. धापैकी धा वेळा जमलं की किल्ली."

रॅलीच्या आदल्या दिवशी माझे दहापैकी सात झाले होते.

सात म्हणजे उत्तमच की! नाव नोंदवलेलं, टेम्पो ठरलेला, शेजारी बसून रस्ता वाचणारी माझी मावसबहीण शीतल बॅग भरून आलेली. मी सरळ हात पुढे केला. "गाडी माझी आहे वस्ताद, किल्ली द्या."

"गाडी तुझी हाय," ते शांतपणे म्हणाले, "ब्रेक माझा हाय. काडून देऊ का?"

मी नको नको ते बोलले. म्हशींचे ब्रेक करणाऱ्याला रॅलीतलं काय कळतं, हेही बोलले. ते आठवलं की आजही कान तापतात. वस्तादांनी ऐकून घेतलं, किल्ली खिशात टाकली आणि शीतलला चहा सांगितला. मला नाही सांगितला. ती रॅली माझ्याविना झाली.

आठवडाभर मी तिकडे फिरकले नाही. मग निमूट गेले. त्यांनी चुन्याची रेघ नव्यानं मारली. महिनाभर रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी त्या माळावर होते. एके दिवशी सलग दहा जमले, तर म्हणाले, "उद्या परत. आज नशीब आसंल." दुसऱ्या दिवशीही दहा झाले. तेव्हा किल्ली मिळाली.

पुढच्या रॅलीत उताराच्या एका वळणावर धुळीतून बाहेर पडलो, तर पुढची गाडी रस्त्यात आडवी! दार उघडून तिचा चालक बाहेर पडत होता. शीतल किंचाळली. माझ्या पायानं काय केलं ते मला सांगता येणार नाही, मी त्याला काही सांगितलं नव्हतं. गाडी सरळ रेषेत, न फिरता थांबली. त्या माणसात आणि आमच्यात दोन हात अंतर होतं. सात जमणाऱ्या पायानं तो माणूस वाचला असता का, हा विचार मी अजूनही पुरता करत नाही. आमच्या गटात आम्ही दुसऱ्या आलो. ढाल घेऊन शेडवर गेले आणि सगळं सांगितलं. वस्तादांनी ढालीकडे पाहिलंच नाही. "तो मानूस बरा हाय ना?" विचारलं आणि बाहेर वाट बघणाऱ्या पिकअपकडे वळले. त्या दिवशी मात्र चहा सांगितला.

वस्तादांना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्याआधी सहा महिने मी रॅली सोडली आणि गाडी विकायला काढली. श्रीगोंद्याच्या एका डॉक्टरांनी घेतली. वस्तादांना कळल्यावर त्यांनी गाडी मागवून घेतली. डोळ्यांना कमी दिसत होतं, तरी स्वतः खाली झोपून तीन दिवस खपले आणि एबीएस होता तसा परत बसवला.

"डॉक्टर छान चालवतात हो," मी म्हणाले, "एवढं कशाला?"

"चालवत आसतील. त्येंचा पाय मी पायला न्हाई." ते हात पुसत उठले. "तुझा पायला, म्हनून किल्ली दिली हुती. तुझ्याबिगर मी कुनाचा डबा काडला न्हाई. लई जन आले."

हे मला माहीतच नव्हतं. मला आपलं वाटायचं, मी त्यांचं एक गिऱ्हाईक. ढाल घेताना मी रडले नव्हते, त्या शेडमध्ये भर दुपारी रडले. वस्ताद अवघडले, फडकं शोधू लागले, आणि मिळालं ते तेलकट निघालं.

"रडती कशाला? जा, गाडी पोचती कर," ते म्हणाले. "आन् डबा हाय म्हनून पाय इसरू नको."

गाडी मीच श्रीगोंद्याला पोचवली. वाटेत उसाचे ट्रॅक्टर होते, शेळ्या होत्या, मधेच वळणारे मोटरसायकलवाले होते. एबीएस एकदाही जागा झाला नाही.