पाच ते साडेसात

डीलिया किश हिनं पंधरा वर्षं दातांच्या दवाखान्यात फोन उचलले. विमा कुठला, दाढेचे किती टक्के मिळतील, पुढची तारीख कोणती, हेच बोलून बोलून तिचाच जबडा दुखायला लागला होता. अडतिसाव्या वर्षी तिनं ते सोडलं आणि टोलीडो शहरातल्या वीज कामगारांच्या युनियनकडे शिकाऊ म्हणून अर्ज केला. बीजगणिताची परीक्षा दिली, मुलाखत दिली आणि चौदा महिने यादीत नंबर वर सरकायची वाट पाहिली.

नंबर लागला तेव्हा नवरा, रस, म्हणाला, "झकास!"

सासू, इल्का, म्हणाली, "बसून करायची नोकरी सोडून शिडीवर चढणार? बरी आहेस ना?"

पण कामावर सकाळी सहाला हजर व्हायचं तर मुलांना कोण बघणार, हे दोघांनीही विचारलं नाही. रस तेलशुद्धीकरण कारखान्यात रात्रपाळीला. घरी पोचेपर्यंत साडेसात. डीलियाला सव्वापाचला निघावं लागे. हॅटी नऊ वर्षांची, ऑगी चारचा. डीलियानं फोन केलेल्या अकरा पाळणाघरांपैकी एकही साडेसहाच्या आत दार उघडायला तयार नव्हतं.

"होईल काहीतरी," रस म्हणाला. हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते 'काहीतरी' दर वेळी डीलियालाच करावं लागे.

झालं ते असं, की इल्का रोज पहाटे पाचला यायला लागली. येताना खसखशीचे रोल आणायची आणि सोबत टोमणे. "ऑगीच्या मोज्याला भोक आहे. आता आईला वेळ नाही म्हटल्यावर पडणारच." डीलिया दात-ओठ खात रोल तोंडात कोंबायची आणि गाडी काढायची.

काम हॉस्पिटलच्या नव्या इमारतीत होतं. तिला डेस्मंड प्रुइट नावाच्या जुन्या कारागिराच्या हाताखाली दिलं होतं. डेस्मंड कमी बोलायचा आणि जे बोलायचा ते झोंबायचं. वायरी ज्यातून जातात ते लोखंडी पाइप वाकवताना तिचे पहिले पंधरा दिवस भंगारात गेले. माप घ्यावं, खूण करावी, पाय रोवून वाकवावं, आणि पाइप भिंतीला लावला की तो दोन बोटं तिसरीकडेच.

"हा पाइप कुठे निघालाय?" डेस्मंडनं विचारलं.

"मला काय माहीत! हिशोब बरोबर आहे."

"हिशोब बरोबर आहे गं. खूण कुठून मोजलीस? टोकापासून मोज, तुझ्या मनापासून नको."

तिनं तो पाइप भंगारात फेकला आणि दुसरा घेतला. तो बसला. डेस्मंड नुसता "हं" म्हणाला, पण त्या दिवशी ती गाडीत एकटीच हसत घरी गेली.

नोव्हेंबर लागला आणि इल्का दरवर्षीप्रमाणे बहिणीकडे फ्लोरिडाला गेली. "एप्रिलमध्ये येतेच," ती म्हणाली, जणू मधले पाच महिने मुलांना कपाटात ठेवता येणार होते.

डीलियानं पहाटे मुलांपाशी थांबायला शेजारी राहणाऱ्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला ठरवलं. आठव्या दिवशी ती झोपून राहिली. डीलिया कामावर पोचली सहा चाळीसला. पुढच्या आठवड्यात ऑगीला ताप, बाहेर बर्फ, आणि रसची गाडी पुलावर अडकलेली. त्या दिवशी आठ वाजले.

मुकादम लायल फाटकातच उभा होता. "दुसऱ्यांदा झालं, डीलिया. तिसऱ्यांदा झालं तर प्रशिक्षण मंडळासमोर जावं लागेल."

"मुलाला ताप होता, लायल."

"घरचं घरी."

"घरचं घरी ठेवायलाच घरात कोणी नाहीये!"

जेवणाच्या सुट्टीत ती डेस्मंडसमोर अर्धा तास बडबडली. त्यानं सँडविच संपवलं, कागदाची घडी घातली. "माझ्यापुढे कुरकुरून काय होणार? मला पाइप वाकवता येतो, घड्याळ नाही. मंगळवारी युनियनची सभा आहे. तिथे कुरकुर."

"मी पहिल्या वर्षाची. मला कोण बोलू देणार?"

"वर्गणी घेतात ना? मग ऐकतीलही."

सभेला दीडशे माणसं होती, त्यात बायका सात. पार्किंगच्या दिव्यांवर चाळीस मिनिटं वाद झाला. 'नवीन विषय' असा पुकारा झाला आणि डीलिया उभी राहिली. सहाच्या पाळीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी युनियननं पहाटे पाचपासून सोय करावी, असा ठराव तिनं मांडला. आवाज चिरकला, पण मांडला.

मागून एक निवृत्त सभासद म्हणाला, "आमच्या वेळी असले लाड नव्हते. आम्ही चार पोरं वाढवली."

"तुम्ही वाढवलीत?" डीलिया वळली. "की तुम्ही कामावर असताना बाईंनी वाढवली? घरी गेल्यावर विचारा त्यांना."

हशा पिकला. लायल उठला आणि विमा कोण काढणार, असं विचारून बसला. अध्यक्षांनी हातोडी आपटली. "ठरावाला अनुमोदन?"

अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. मग खिडकीजवळचा एक धिप्पाड तरुण उठला. "माझं अनुमोदन. मला जुळी आहेत. बायको नर्स आहे, तिची रात्रपाळी सुटते तेव्हाच माझी सुरू होते. रोज रस्त्यातच मुलं माझ्या गाडीतून तिच्या गाडीत देतो आम्ही." त्याच्यामागून आणखी हात वर झाले. हे सगळे इतके दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते, याचाच तिला जास्त राग आला.

ठराव मंजूर झाला. म्हणजे समिती नेमायचं ठरलं. समितीची प्रमुख कोण, तर 'सिस्टर' किश! युनियनमध्ये बायकांना असंच म्हणायचे.

"मी अडचण सांगितली, आणि काम माझ्याच गळ्यात?" तिनं डेस्मंडला विचारलं.

"यालाच युनियन म्हणतात," तो म्हणाला.

जानेवारीत तिसरा उशीर झालाच. प्रशिक्षण मंडळातल्या एकानं विचारलं, "नोकरी घेण्याआधी मुलांची सोय करायला नको होती का?"

"हा प्रश्न तुम्ही आजवर किती बापांना विचारलात?"

मंडळानं तिची पगारवाढ तीन महिने पुढे ढकलली आणि लेखी ताकीद दिली. तिनं कागद घडी करून खिशात घातला आणि घरी येऊन रसला सांगितलं, "आता तू पाळी बदल. 'होईल काहीतरी' म्हणालास तर हा पाना फेकून मारीन." रसनं दुसऱ्याच दिवशी अर्ज केला आणि मार्चपर्यंत दिवसपाळी मिळवली. ती सातची होती, त्यामुळे साडेसहाला उघडणाऱ्या पाळणाघरात मुलांना सोडून तो कामावर जाई. सकाळ कशीबशी निभायला लागली.

समितीला जागा, परवाना, विमा यांतच हिवाळा गेला. शेवटी एका निवृत्त कारागिराच्या बायकोनं, जिचं आधीपासून परवान्याचं पाळणाघर होतं, पाचला दार उघडायचं कबूल केलं. वरचा खर्च युनियन देणार होती. मुलं फक्त आठ. पाळणाघर सुरू झालं ते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे इल्का परतली त्याच्या तिसऱ्या दिवशी.

"माझी नातवंडं परक्यांकडे?" इल्का दारातच खसखशीचे रोल घेऊन उभी.

"आई, तुम्ही पाच महिने नव्हता."

"मग आता आलेय ना!"

डीलियानं ऑगीला गाडीत बसवलं. हॅटी आजीजवळ थांबायचं म्हणून हटून बसली, तिला थांबू दिलं. पाळणाघरातली तिची जागा दुसऱ्या दिवशी जुळ्यांपैकी एकाला मिळाली, आणि दुसऱ्याचं काय, म्हणून त्या धिप्पाड गड्याचा फोन तिला छतावरच्या कामात तीनदा आला.

पाच वर्षांनी डीलिया पूर्ण कारागीर झाली. पाळणाघरात आता बावीस मुलं आहेत, आणि समितीची प्रमुख अजून तीच आहे. दर निवडणुकीला ती म्हणते, "यंदा दुसरं कुणीतरी घ्या." सगळे छताकडे बघतात.