खाणीच्या तोंडचं पाणी

साजगावच्या पलीकडे डोंगराच्या पोटात दगडाची भुयारी खाण होती, ती यंदा बंद झाली. खाणीचं तोंड छायाच्या जमिनीत. त्याच तोंडातून दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला, राजेशला, चादरीत गुंडाळून बाहेर आणलं होतं. आता खाणीच्या कंपनीला ती जमीन छायाला परत करायची होती, आणि ती कशी सारखी करून द्यायची हे ठरवायला सगळी वाडी तिथे जमली होती.

निघताना सासूनं, सोनाबाईनं, एकच सांगितलं होतं, "ते भोक बुजवून ये." छायानं शब्द दिला. मनापासून दिला, ते काळं तोंड तिलाही डोळ्यांसमोर नको होतं.

आराखडा करणाऱ्या माधवी मॅडमनी नकाशा पसरला. ढिगारे सपाट करायचे, वर माती टाकायची, झाडं लावायची. आतून पोकळ आहे तिथे कुणी घर बांधायचं नाही. इथवर सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आता तोंड," मॅडम म्हणाल्या. "सगळंच बंद करता येईल. नाहीतर भिंतीत पाइप ठेवून आतलं पाणी टाकीत घेता येईल. पाणी तपासलंय, चांगलं आहे. पण मग लोक रोज इथे येणार. जमीन तुमची, छायाताई. तुम्ही सांगाल तसं."

सरपंच भिवाजी, एरवी बोलायला लागला की आवरायला माणूस लागतो, तोसुद्धा चपलेनं माती उकरत उभा. वैशाखाचं ऊन. वाडीची विहीर तळाला गेलेली, आणि खाणीतली धार उताराला वाहून चाललेली. दोन वर्षांत वाडीतल्या एकाही बाईनं त्या धारेला हंडा लावला नव्हता. मनाई कुणाचीच नव्हती. छायाच्या कपाळाकडे बघून लावला नव्हता.

'बुजवा' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात तिचं लक्ष बायांकडे गेलं. एकही तिच्याकडे बघत नव्हती; सगळ्या त्या पाण्याकडे बघत होत्या. तिचं डोकंच सणकलं. जन्माचा शेजार, आणि एकीला तोंड उघडवत नाही!

"मागा की गं तोंडानं!" ती ओरडली. "माझी भीती वाटते का तुमाला?"

एक म्हातारी पदरानं डोळे पुसायला लागली.

"पाइप ठेवा," छाया मॅडमना म्हणाली.

लगेच भिवाजीला कंठ फुटला. "वहिनी, टाकीला राजेशचं नाव देऊ! मोठ्या अक्षरात!" टाळ्या पडल्या. छायाला त्या धड ऐकूही आल्या नाहीत. सासूला दिलेला शब्द मोडला होता, आणि आता घरी जाऊन ते सांगायचं होतं.

सोनाबाई ओट्यावरच बसली होती. "बुजवलं?"

"नाय, आई. पानी घ्यायचं ठरलं. वाडीला."

सोनाबाईनं तोंड डोंगराकडे फिरवलं. ही आता आपल्याला घरात घेते की नाही, छायाला भरवसा वाटेना.

"टाकीला त्यांचं नाव देणार हायेत," काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली.

"नाव नको," सोनाबाई म्हणाली. "पानी मी भरीन. वाडीबरोबर भरीन. पन तिथं त्याचं नाव कानावर आलं ना, तर डोईवरचा हंडा सांभाळायचा नाय गं माझ्यानं."