दयाराम तांडेलाचा देवमासा

पनवेलच्या बंदरावर माझं चहाचं दुकान होतं तेव्हाची, म्हणजे चौपन्न सालची ही गोष्ट. दयाराम कोळी माझं रोजचं गिऱ्हाईक. स्वतःच्या मचव्याचा तांडेल, खाडीतून मोरा बंदरापर्यंत माणसं-सामान न्यायचा. भरती कधी लागेल, वारा फिरेल का, हे सगळं बंदर त्यालाच विचारायचं. मासळी विकणारी गंगाबाई तर पाटी घेऊन आधी त्याच्यापाशी थांबायची. "दयाराम, पानी कसं हाय?" तो सांगेल तसा ती आपला दिवस लावायची.

त्या श्रावणात दयारामला मोऱ्याच्या पुढं देवमासा दिसला. खराच दिसला असणार, कारण सांगताना त्याचा आवाज कापत होता. पण माझ्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटलो, आणि आठ दिवसांत गावातली हौशी मंडळी मचवा भरून देवमासा बघायला निघाली.

तीन फेऱ्या फुकट गेल्या. काळी पाठ दाखवून बुडणारे गादे, म्हणजे डॉल्फिन, दिसले, चिखलात बगळ्यांच्या रांगा दिसल्या, पण त्याचं कुणाला कौतुक? तिसऱ्या फेरीनंतर मीच दुकानात चारचौघांत म्हणालो, "काय तांडेल, त्या दिवशी दारू घेऊन बसला होतास का?" सगळे हसले. दयाराम चहा अर्धा टाकून उठला. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चौथ्या फेरीला गंगाबाई नारळ घेऊन आली. तिचा शिवा मोठ्या बोटीवर खलाशी होता, आठ महिने त्याचं पत्र नव्हतं. देवमाशाला नारळ देऊन लेकाची खुशाली मागायची, एवढंच तिच्या मनात. दयारामच्या घराण्याची रीत कडक होती. देवमाशाकडे बोट दाखवायचं नाही. तांडेल आधी निरखणार, "देव हाय" म्हणणार, मगच नारळ पाण्यात सोडायचा.

मोरा जवळ आला तेव्हा लांबवर काळं काहीतरी वरखाली होताना दिसलं. त्या फेरीला मीही मचव्यात होतो. उठून ओरडलो, "तो बघा देवमासा." बोटही दाखवलं, अक्कल गहाण टाकल्यासारखं. सगळ्यांनी दयारामकडे पाहिलं. त्यानं डोळ्यांवर हात धरला आणि त्याचं तोंड उतरलं. मी त्याच्या शेजारीच होतो. वाऱ्याबरोबर सडका वास आला, तेव्हा मलाही कळलं. पुरात वाहून आलेली, फुगलेली म्हैस होती ती.

मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. दयारामनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या हसऱ्या मंडळीकडे, आणि खाली मान घालून म्हणाला, "देव हाय." लगेच मचवा वळवला. गंगाबाईनं डोळे मिटून शिवाचं नाव घेतलं आणि नारळ पाण्यात सोडला.

दुसऱ्या दिवशी गंगाबाई पाटी घेऊन आली आणि दयारामला ओलांडून बुधाजी तांडेलाला विचारती झाली, "पानी कसं हाय?" मग रोज तसंच. दयारामशी बोलायची, हसायची, पण पाण्याचं विचारायची बुधाजीलाच.

दिवाळीत शिवाचं पत्र आलं. गंगाबाईनं बंदरभर साखर वाटली. लोक म्हणाले, देवमासा पावला. दयारामच्या हातात साखर तशीच राहिली. माझ्या दुकानातच त्यानं तिला थांबवलं आणि सगळं सांगून टाकलं.

"मना ठाव हाय," गंगाबाई म्हणाली. "सारा जन्म मासळीत गेला, मना वास नाय कळनार? मी नारल दर्याला दिला, म्हशीला नाय. चार लोकांत तुजं हसं झालं व्हतं, म्हनून गप ऱ्हायले."

दयारामचा जीव भांड्यात पडला. हसून म्हणाला, "मग मना पानी का नाय ईचारत?"

तिनं पाटी डोक्यावर चढवली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तुजा सबूद म्हंजी सबूद, म्हनून ईचारत व्हते रं," ती म्हणाली, आणि बुधाजीच्या मचव्याकडे चालू लागली.

दयारामनं माझ्याकडे पाहिलं. मी कपबशा विसळायला घेतल्या. त्या धुतलेल्याच होत्या.