सोनेरी सीडीतली आई

“ही तुझी आई न्हाई. कुनाची बाई आनली भरून?”

दादा, म्हणजे माझे वडील, असे ओरडले की साखर कारखान्याचा भोंगा लाजून दोन दिवस वाजला नाही.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पुतणीच्या बारशाला तिनं म्हटलेला पाळणा, एवढाच तिचा आवाज घरात उरला होता, कॅसेटवर. दादा तो रोज ऐकत. आमच्या श्रीगोंद्याकडे वीज पाहुण्यासारखी यायची, म्हणून टेपला सेल. तेही नवे नाहीत. दुपारी पत्र्यावर उन्हात टाकायचे, म्हणजे संध्याकाळी पुन्हा कण्हत चालायचे. फीत तर इतकी झिजलेली, की तिच्याआडून पेपर वाचावा. ती तुटायच्या आत नगरला नेऊन मी सीडीवर उतरवून आणली. शेजाऱ्यांचा प्लेअर मागून लावली, आणि वर हे ऐकून घेतलं.

“आवाज बारीक हाय, पळतोय,” दादा म्हणाले. “हिरवी सीडी घेतली ना? सोनेरीत आवाज भरतो म्हनं.”

पुन्हा नगर. दुकानदार म्हणाला, हिरवी घ्या नाहीतर सोनेरी, आवाज तोच येणार. मी ऐकतोय व्हय? सोनेरीच आणली, इतकी पिवळीधमक की एसटीत एका बाईनं मला सोन्याचा भाव विचारला. लावली. मला तर आईच्या काचेच्या बांगड्याही सोन्याच्या वाजल्या. दादांनी मान हलवली.

“न्हाई. तीच बाई.”

तेवढ्यात मावशी, आईची धाकटी बहीण, दारात आली. हातातली पिशवी गळाली आणि ती उंबऱ्यातच बसली.

“आक्का,” म्हणाली. मग डोळ्यांना पदर लावून, “दाजी, आशीच बोलायची वो ती. लगबगीनं.”

एरवी मला थाप सुचायला वेळ लागत नाही. खरं कळायला मात्र मावशी यावी लागली. दुकानातला टेप विजेवर, नीट वेगानं चालला होता. दादा मात्र इतकी वर्षं मरायला टेकलेल्या सेलवरची आई ऐकत होते, संथ, जाडसर, ओढलेली. खरी आठवणीतून कधी पुसली गेली, त्यांनाही कळलं नव्हतं.

“दादा,” मी म्हणालो, “हीच आई हाय.”

पाळणा संपेपर्यंत ते प्लेअरकडे बघत राहिले.

“आसंल. सेल उन्हात ठिव.”