‘नाद खुळा’समोरचा बाक

काही ठिकाणं अशी असतात, की तिथं नुसतं बसलं तरी किस्सा अंगावर येऊन पडतो. आमच्या बागेत ‘नाद खुळा’ ही दीड पुरुष उंचीची लालभडक लोखंडी अक्षरं उभी राहिली आणि आम्हा सकाळच्या फिरणाऱ्यांचं फिरणंच थांबलं. आता आम्ही समोरच्या बाकावर बसून असतो. मी निवृत्त चित्रकला शिक्षक. ‘द’ची शेपूट आखूड झालीय, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही.

शेजारी बसतात ते बापू. मंगळवार पेठेत, भर वस्तीत चार म्हशी पाळणारा माणूस. त्यांना एकच घोर, मुलगा विश्वासच्या लग्नाचा. पोरगा नोकरीला, देखणा, सुपारीचंही व्यसन नाही. पण पाहुणे घरी यायचे, दारातला गोठा बघायचे आणि अर्धा चहा टाकून जायचे.

अक्षरं बसली त्या सकाळीच बापू नारळ घेऊन हजर! “नवीन वस्तू हाय, नारळ नको व्हय?” म्हणत त्यांनी विश्वासच्या लग्नाचं साकडं घातलं आणि नारळ थेट ‘ना’वर आपटला. रंगाचा टवका उडाला. तो झाकायला बापूंनी वर हळदीकुंकू लावलं.

झालं. आठवड्याभरात तिथं उदबत्त्या लागल्या, नव्या स्कूटरी पूजेला येऊ लागल्या. एका बाईंनी मला विचारलं, “गुरुजी, प्रदक्षिणा पूर्ण घालायची का अर्धी?” मी चित्रकलेचा शिक्षक आहे म्हटलं, तर म्हणाल्या, “असू दे की, सांगा.”

पुढं जवळच्या तालमीतला एक पैलवान रोज ‘खु’ला लटकून व्यायाम करू लागला. मी अर्ज-विनंत्या करून ‘अक्षरांना लटकू नये’ असा बोर्ड लावून घेतला. दुसऱ्या दिवशी ‘खु’वर त्याचा लंगोट वाळत होता. मी बोर्ड दाखवला. तो शांतपणे म्हणाला, “सर, माणसांनी लटकू न्हाय म्हणून लिवलंय. लंगोटाला कुठं काय म्हटलंय?”

एकदा पुण्याचं एक कुटुंब फोटोसाठी थांबलं. निघालं होतं पन्हाळ्याला. बापूंनी त्यांचे फोटो काढले, मग मिसळ खायला नेलं, मग तांबडा-पांढरा रस्सा झाल्याशिवाय सोडलं नाही. दुपार कलली तेव्हा त्यातले आजोबा हळूच म्हणाले, “पन्हाळा राहिला की हो.” बापू म्हणाले, “पन्हाळा कुठं पळतोय, पावणं? मिसळ संपती.”

आणि मग विश्वासला वारणानगरचं स्थळ आलं. मुलगी दूध तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. या वेळी बापूंनी ठरवलं, घर दाखवायचंच नाही. मुलगी बघायचा कार्यक्रम बागेत, अक्षरांसमोर, एकदम मॉडर्न. आम्हाला तंबी दिली, “म्हशीचं नाव कुणी काढायचं न्हाय.”

मंडळी आली. मुलगी हसतमुख होती. विश्वास मात्र नुसत्या रुमालाच्या घड्या घालत होता. शेवटी तो आइस्क्रीम आणायला उठला आणि त्यानं गाडीला किक मारली.

आता आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात आणि मोटरसायकलमागं पळायची त्यांना सवय लावलेली असते. मालकाच्या गाडीचा आवाज त्या शंभर गाड्यांत ओळखतात. बापूंच्या म्हशी त्याच वेळी बागेमागच्या हौदावर पाणी पीत होत्या.

मेंदीचं कुंपण मोडून त्यातली राणी आत आली. विश्वासनं घाबरून गाडी बंद केली, तशी तीही थांबली. ‘ळा’ला पाठ घासून घेतली, अख्खं अक्षर करकरलं. मग सावकाश चालत बाकापाशी आली आणि बापूंची टोपी चाटू लागली.

“कुणाची म्हणायची ही म्हस?” बापू आभाळाकडं बघत म्हणाले. मला त्यांची खरंच दया आली.

मुलगी उठली. राणीच्या पाठीवरून हात फिरवला, कास न्याहाळली आणि कुणाकडंच न बघता म्हणाली, “फॅट किती लागतंय हिच्या दुधाला?”

विश्वासनं बापूंकडं बघितलं. बापूंनी ओठ घट्ट मिटले. पण त्यांनाच राहवलं नाही.

“आठ पॉइंट दोन! अन् पाण्याचा थेंब न्हाय!”

मुलीचे वडील बापूंकडं वळले. “कुणाची म्हस म्हणालासा?”

बापूंनी टोपी सारखी केली.

“तुमचीच की, पावणं.”