केलियसच्या दगडाला तेल

बाळाराम भुवडची एकोणीस वर्षांची नोकरी वाटीभर खोबरेल तेलापायी गेली. तेही डोक्याला लावायच्या. हे सांगितलं की लोक आधी हसतात. हसून झालं असेल तर पुढे वाचा.

बाळाराम संगमेश्वर तालुक्यातला, चिऱ्याच्या बांधकामातला गवंडी. सौदीत आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. रियाधला इमारती बांधल्या, रास अल खैरच्या कारखान्याचे पाये घातले. शेवटी कंत्राटदाराने त्याला तबुकच्या दक्षिणेला, एका ओसाड खोऱ्यात उत्खननावर पाठवलं. जुना दगड न दुखावता कसा उचलायचा हे त्याला कळत होतं. पहारीने हलक्या हाताने ठोकून, आवाज ऐकून तो सांगायचा, "ह्यो आतून पिचलाय. ह्याला नुसता हात नका लावू."

माझी मुलगी दर्शना जवळच्या हॉस्पिटलात डॉक्टर; मी तिच्या व्हिसावर तिच्याकडे राहायला आलेली. उत्खननाच्या प्रमुख डॉ. नूफ तिच्या ओळखीच्या. घरात बसून म्हातारी सगळ्यांना बोल लावते हे त्यांच्या कानावर गेलं असावं. त्यांनी मला खापरांवर नंबर घालायला बोलावलं. तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवलेला, मी लगेच गेले.

तिथे रोमन लोकांचं एक ठाणं होतं. साम्राज्याच्या पार कडेला, पाण्याच्या एका विहिरीसाठी बसवलेलं. तिथला अधिकारी केलियस मार्तियालिस, शंभरेक शिपायांवरचा नायक. ग्रंथात नाही, कागदात नाही, हा माणूस फक्त दगडात उरलेला. एका दगडावर लिहिलं होतं, केलियसने विहीर उपसून घेतली. दुसऱ्यावर, केलियसने आपल्या माणसांसह देवाचा नवस फेडला. बस. अठराशे वर्षांत एवढंच.

तिसरा दगड बाळारामने काढला. पडक्या भिंतीची पायरी म्हणून कोणीतरी पालथा घातलेला होता. गुरुवारी दुपारी त्याने तो पलटी केला आणि ओरडला, "बाई, अक्षरं हायत!"

वर हातात काठी घेतलेला शिपाई कोरलेला, खाली अक्षरं. डॉ. नूफ गुडघ्यांवर बसून वाचत गेल्या आणि इंग्रजीत सांगत गेल्या. केलियस मार्तियालिस. आयुष्य पंचेचाळीस वर्षं, त्यातली चोवीस चाकरीत. इथे पुरला आहे. शेवटची ओळ मात्र झिजून सपाट झाली होती. तो गावचा कुठला, मागे कोण, दगड कोणी बसवला, ते त्या ओळीत असणार. अक्षरांच्या खाचा गेल्या होत्या, पण लाल रंगाचे पुसट डाग राहिले होते. रोमन लोक कोरलेल्या अक्षरांत लाल रंग भरत. त्या डागांवरून ओळ वाचता येईल, त्या म्हणाल्या, पण खास कॅमेरा लागेल. तो घेऊन माणूस रविवारी येणार. शुक्रवार-शनिवार सुट्टी. फोटो, मोजमाप सगळं तेव्हाच; तोवर दगड झाकून ठेवा.

बाळाराम माझ्याशेजारी उकिडवा बसला होता.

"बाई, ह्यो आमच्या वीरगळावानी दिसतो की ओ."

आमच्याकडे लढाईत पडलेल्या माणसाचा असा दगड गावाच्या शिवेवर उभा करतात. हे मी वर्गात शेकडो वेळा सांगितलंय. मला ऊन लागत होतं, चहा हवा होता.

"हो रे बाबा, वीरगळच समज."

"आणि ह्यो लाल? शेंदूरच ना?"

"तसंच काहीतरी. चल, गोणपाट आण."

"मंग ह्याचं मागं कोणच नाय? तेल घालायला?"

"अठराशे वर्षांनी कोण असणार? तुझा पणजा?"

तो हसला. मग दगडाजवळ उभं राहून त्याने कंपनीच्या सुपरवायझरकडून, विनोदकडून, फोटो काढून घेतला. "गावाला धाडतो. म्हणतात, बाळाराम तिकडं काय करतो? बघा म्हणावं."

तेव्हा मला आठवायला हवं होतं. त्यानेच मला कधीतरी सांगितलं होतं की गावच्या वीरगळाला दर अवसेला तेल घालायचा मान भुवडांच्या घराचा. एकोणीस वर्षांत एकदाही त्याला तो करता आला नव्हता. म्हातारा बाप गेल्यापासून तिकडेही ते बंद पडलं होतं.

शनिवारी अमावास्या होती.

रविवारी सकाळी गोणपाट काढलं तेव्हा दगड काळपट चमकत होता. वालुकाश्म तो, तेल पिऊन बसला होता. आणि शेवटची ओळ स्वच्छ होती, लाल रंगाचा एक डाग उरला नव्हता. तेल घालण्याआधी दगड पाण्याने चोळून धुतात, जुना शेंदूर खरवडून काढतात, मग तेल. बाळारामने सगळं रीतीप्रमाणे केलं होतं.

डॉ. नूफ दगडाजवळ खाली बसल्या. त्या ओळीवरून बोट फिरवत राहिल्या. कॅमेरावाला पेटी उघडीच टाकून उभा राहिला.

कंत्राटदाराच्या माणसाने आधी राखणदाराला धरलं. सिराजुद्दीन बिहारचा, साठीला आलेला. त्याच्या खोलीत तेलाची बाटली सापडली. "तू रात-दिन यहाँ रहता है. तूने नहीं तो किसने?" सिराजुद्दीन नुसता हात जोडून "साहब, साहब" करत होता. त्याच्या इकाम्याची, तिथे राहायच्या परवान्याची, मुदत महिन्यावर आली होती. तो वाढवणं कंत्राटदाराच्याच हातात.

बाळाराम पुढे झाला. "भाई को छोड़ो. बाटली उसकी, मैं मांग के ले गया. मैंने किया."

"क्या किया? पूजा किया? पत्थर की?"

त्या शब्दाचा अर्थ त्या देशात काय होतो हे प्रत्येकाला माहीत होतं. नोकरी सोडा, प्रकरण पोलिसांत गेलं असतं.

"साफ किया," बाळाराम म्हणाला. "गंदा था."

डॉ. नूफनी मान वर केली. "तुला साफ करायला कोणी सांगितलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं आणि मी मराठीत सांगावं म्हणून माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. बाळाराम माझ्याकडे बघत होता. लाल रंग शेंदूर, दगड वीरगळ, दोन्हीला हो म्हणणारी मी. मी तेवढं बोलले असते तर निदान दोष वाटला गेला असता. पण दर्शनाची नोकरी माझ्या डोळ्यांसमोर आली. खोटं कशाला लिहू, तीच आली.

"कोणी नाय, बाई," तो म्हणाला. "सांगा त्यांना. माझं मीच."

मी तसंच सांगितलं.

आठवड्यात त्याला फायनल एक्झिट दिलं. पुन्हा त्या देशात पाऊल नाही. विमानतळावर जायच्या आधी तो गाडीतून उतरून माझ्याकडे आला. मला वाटलं, आता बोलेल. बोलावं असंही वाटत होतं.

"बाई, त्या शेवटच्या वळीत काय व्हतं, कळलं का?"

"नाही रे. आता कळायचं नाही."

"त्याच्या गावाचं नाव व्हतं, नाय?"

"असेल."

त्याने मान हलवली. "म्हंजे ते मीच पुसलं." मग यल्ला यल्ला, चला चला करत ड्रायव्हरने हॉर्न दिला.

चार दिवसांनी मला विनोदने काढलेला तो फोटो आठवला. गुरुवारचा. दगड धुण्याआधीचा एकमेव. मी धावतपळत डॉ. नूफकडे गेले, विनोदकडून तो मागवला, आम्ही दोघींनी तो पडद्यावर मोठा करून पाहिला. शिपाई दिसत होता. केलियस मार्तियालिस दिसत होतं. पंचेचाळीस, चोवीस, सगळं स्पष्ट. शेवटच्या ओळीपुढे बाळारामचा गुडघा होता. ऐटीत, एक पाय पुढे टाकून उभा राहिला होता बिचारा.

तो फोटो त्याने गावाला चौकट करून भिंतीवर लावलाय. त्याच्या बायकोने, रेखाने, फोनवर मला कौतुकाने सांगितलं. का परत आला, ते त्याने तिला सांगितलेलं नाही. मीही नाही.